स्वर्ग कीं नवी पृथ्वी?

धर्मावर गेल्या दोनशें वर्षांत सुशिक्षितांनीं जे आक्षेप घेतले, त्यांत परलोकाच्या आशेवरील आक्षेप सर्वांत जिव्हारीं लागणारा आहे. ईश्वर आहे कीं नाहीं हा वाद पंडितांचा. परंतु ‘मेल्यावर तुझें सारें ठीक होईल, तोंवर निमूटपणें सोस,’ असें एका माणसानें दुसऱ्या माणसास सांगणें नीतीला धरून आहे काय, हा प्रश्न कोणालाही कळण्याजोगा आहे. १८४४ सालीं कार्ल मार्क्सनें धर्माला अफूची उपमा दिली, ती याच रोखानें. ती उपमा आतां वापरून वापरून गुळगुळीत झाली. ज्याच्या नांवानें राज्यें उभारलीं गेलीं त्या मार्क्सचीं तीं राज्येंही बहुतेक लयास गेलीं. पण आक्षेप जागचा हललेला नाहीं. आणि तो मुख्यतः ख्रिस्ती धर्मास उद्देशून होता.

आम्ही त्या धर्माचे अनुयायी नव्हों, व त्याची वकिली करण्याचा आमचा अधिकारही नाहीं. परंतु एखाद्या आशेचा नैतिक विचार करावयाचा, तर ती आशा मुळांत काय आहे हें प्रथम पाहिलें पाहिजे. या बाबतींत आक्षेपक आणि भाविक हे दोघेही पुष्कळदां एकाच चित्राकडे पाहून भांडत असतात, आणि तें चित्र मूळ ग्रंथांतलें नव्हे, असें आमचें मत आहे.

तें चित्र सर्वांच्या परिचयाचें आहे. मरणसमयीं आत्मा देहाच्या पिंजऱ्यांतून सुटतो, वर जातो, आणि ढगांवर बसून वाद्यें वाजवीत अनंत काळ घालवितो. पृथ्वी म्हणजे वाटेवरची एक धर्मशाळा, ती मागें पडते आणि शेवटीं जळून जाते. आपल्याकडे इंग्रजी शाळांतून शिकलेल्या पिढ्यांनीं हें चित्र इंग्रजी कवितांबरोबर उचललें. तें पुष्कळ अंशीं अथेन्सहून आलेलें आहे. ख्रि. पू. ३९९ मध्यें सॉक्रेटीसास विषाचा पेला घ्यावा लागला. त्या शेवटच्या दिवसाचें संभाषण प्लेटोनें ‘फीडो’ या ग्रंथांत रंगविलें असून, देह हा ज्ञानाच्या वाटेंतला अडथळा व मृत्यु ही सुटका, असा त्याचा इत्यर्थ आहे. वेदान्ताचा संस्कार झालेल्या आपल्या वाचकाला हें ओळखीचें वाटतें, आणि म्हणून तो सहज म्हणून जातो कीं, सर्व धर्मांचें सांगणें अखेर एकच. आम्हांस हें औदार्य पसंत नाहीं. दोन माणसें निरनिराळ्या गोष्टी सांगत असतां ‘तुम्ही दोघे एकच सांगतां’ असें म्हणणें, हा त्यांचें न ऐकण्याचाच एक सभ्य प्रकार होय.

ख्रिस्ती आशेचें माहेर यहुदी लोकांत आहे, आणि यहुद्यांच्या जुन्या ग्रंथांत मरणोत्तर जीवनाविषयीं आस्था फारच थोडी दिसते. मेलेला मनुष्य ‘शिओल’ नांवाच्या अंधाऱ्या, निःशब्द ठिकाणीं जातो. तेथें सुख नाहीं, शिक्षाही नाहीं. त्या लोकांची आशा होती ती जमिनीची, पावसाची आणि लेकरांची. पुढें ख्रि. पू. ५८७ च्या सुमारास बाबेलच्या राजानें यरुशलेम जाळलें, मंदिर पाडलें आणि कर्त्या माणसांना धरून नेलें. या आपत्तीनंतरच्या काळांत यशयाच्या ग्रंथाचा शेवटला भाग तयार झाला असें अभ्यासक मानतात, आणि नव्या आकाशाची व नव्या पृथ्वीची गोष्ट प्रथम येते ती तेथें. त्या नव्या पृथ्वीवर संदेष्टा काय मागतो? आपण बांधलेल्या घरांत आपणच राहावें, आपण लावलेल्या मळ्याचीं द्राक्षें आपल्याच तोंडीं पडावीं, आणि तान्हें मूल चार दिवसांत दगावूं नये. हें वाचून कोणाला स्वर्गाची आठवण होईल? सावकारानें जमीन नेलेल्या कुळाच्या तोंडीं शोभावी अशी ही मागणी आहे.

मेलेलीं माणसें पुन्हां उठतील ही कल्पना याच मुळाला पुढें फुटली, आणि ती कोणत्या प्रसंगीं फुटली हें फार महत्त्वाचें आहे. ख्रि. पू. १६७ च्या सुमारास अंतियोख एपिफानेस या ग्रीक वंशाच्या राजानें यहुदी आचारांस बंदी केली व जे ते आचार सोडीनात त्यांस ठार मारलें. जो धर्मानें वागेल त्याला देव दीर्घायुष्य देईल, अशी तोंवरची समजूत. येथें तर धर्मानें वागले तेच मेले, आणि ज्यांनीं धर्म सोडला ते सुखानें घरीं राहिले. मातींत निजलेल्यांपैकीं पुष्कळ जण जागे होतील असें स्पष्टपणें म्हणणारा दानीएलाचा ग्रंथ आजच्या स्वरूपांत याच धामधुमींत लिहिला गेला. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथांत एक आई व तिचे सात मुलगे यांच्या छळाची कथा आहे. त्यांतला तिसरा मुलगा मारेकऱ्यांपुढें आपले दोन्ही हात धरतो आणि सांगतो कीं, हे मला देवाकडून मिळाले व त्याच्याकडूनच ते परत मिळतील. ही कथा इतिहास म्हणून कितपत खरी, हा प्रश्न निराळा. तिच्यांतून त्या काळच्या मनांत काय चाललें होतें तें दिसतें. त्या मुलाला आत्म्याची शांति नको आहे. त्याला त्याचे हात पाहिजे आहेत.

या आशेचा उगम मृत्यूच्या भीतींत आहे असें पुष्कळ मानसशास्त्रज्ञ सांगतात. भीति कोणास नसते? परंतु वरील इतिहासावरून पाहतां, या विशिष्ट आशेच्या तळाशीं न्यायाचा प्रश्न आहे. राजानें तलवार फिरविली, प्रेत खड्ड्यांत गेलें, आणि तेथेंच प्रकरण संपलें, हें त्या लोकांस पटेना. सृष्टि देवाची असेल तर तिच्यांतल्या शेवटच्या निकालावर राजाची सही असूं नये, असा त्यांचा आग्रह होता.

येशूच्या शिष्यांनीं हीच आशा घेतली. युगाच्या अंतीं सर्वांचें व्हावयाचें तें एकाचें आधींच झालें, आणि तोही रोमनांनीं खांबावर मारलेला एक गुन्हेगार, एवढी विलक्षण भर त्यांनीं तींत घातली. पौल करिंथच्या मंडळीला लिहितांना पेरलेलें बी आणि उगवलेलें रोप यांची उपमा देतो. रोमच्या मंडळीला लिहितांना सर्व सृष्टि कळा देत आहे असें म्हणतो. ही दुसरी उपमा विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. बाळंतिणीच्या खोलींतून जें कण्हणें ऐकूं येतें तें ऐकून कोणी घर सोडून पळत नाहीं. पाणी तापवूं लागतो.

आतां अशी आशा बाळगणाऱ्या माणसांचें प्रत्यक्ष आचरण कसें होतें, हें पाहण्यास एक प्रसंग चांगला उपयोगी पडतो, आणि तो आम्ही थोडा विस्तारानें सांगणार आहों. फ्रान्समधील ल्यों हें शहर त्या काळीं लुग्दुनम या नांवानें ओळखलें जाई व गॉल प्रांतांतलें तें मोठें रोमन ठाणें होतें. इ. स. १७७ मध्यें तेथें ख्रिस्ती मंडळीवर जमाव उठला. बादशहा होता मार्कस ऑरेलियस. म्हणजे ज्याचें आत्मचिंतनपर पुस्तक आजही आपल्या सुशिक्षितांच्या टेबलावर असतें तोच तत्त्वज्ञ. स्थानिक अधिकाऱ्यानें त्याच्याकडे विचारणा केली, आणि जे श्रद्धा सोडणार नाहींत त्यांस मारावें असा जबाब आला. नव्वदी ओलांडलेला वृद्ध बिशप पोथिनस मारहाणीनंतर तुरुंगांत मेला. पंधरा वर्षांचा पोंटिकस नांवाचा मुलगा आखाड्यांत मारला गेला. आणि ब्लांडिना नांवाची एक दासी होती; तिची मालकीणही त्याच मंडळींतली व स्वतः धरली गेलेली. ही अशक्त मुलगी छळ सोसूं शकणार नाहीं व घाबरून श्रद्धा नाकारील, अशी मालकिणीला चिंता. पण छळणारेच पाळीपाळीनें थकले, ती थकली नाहीं. तिला खांबाला टांगून श्वापदें सोडलीं, तीं तिला शिवलीं नाहींत. शेवटीं जाळ्यांत गुंडाळून बैलापुढें टाकली. वांचलेल्या मंडळीनें हा वृत्तान्त आशिया व फ्रिगिया येथील बांधवांस पत्रानें कळविला, आणि युसीबियस या इतिहासकारानें त्या पत्राचा मोठा भाग आपल्या ग्रंथांत जपून ठेवला म्हणून तो आज आपणांस वाचावयास मिळतो.

त्या पत्राच्या शेवटाकडला मजकूर आमच्या विषयाच्या दृष्टीनें मोलाचा आहे. मारून झाल्यावर प्रेतें नातलगांस दिलीं नाहींत. सहा दिवस तीं उघड्यावर ठेविलीं, मग जाळलीं, आणि राख जवळून वाहणाऱ्या ऱ्होन नदींत लोटून दिली. कां? तर या लोकांस पुन्हां उठण्याची आशा आहे आणि त्या आशेपायींच ते मरणाला भीत नाहींत. तेव्हां ती आशाच राहूं नये म्हणून. आपल्याकडे राख नदींत सोडणें हें सद्गतीचें कृत्य. तेथें तेंच कृत्य सूड म्हणून केलेलें आहे, हें आपल्या वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. मारणाऱ्यांस त्या आशेचा अर्थ बरोबर समजला होता. आत्मा स्वर्गांत गेला असें कोणी म्हटलें असतें तर शहराच्या अधिकाऱ्यांना त्याचें कांहींच वाटलें नसतें; त्यांचे स्वतःचे तत्त्वज्ञही तसें म्हणत. परंतु ज्या मुलीला आपण सर्वांच्या डोळ्यांदेखत मारली ती याच भूमीवर, याच अंगानें, पुन्हां उभी राहील, ही गोष्ट कोणत्याही राज्यकर्त्याला अस्वस्थ करणारी आहे.

पोथिनसाच्या मागून त्या मंडळीचा बिशप झाला इरेनियस. इ. स. १८० च्या सुमारास त्यानें पाखंडमतांवर पांच भागांचा एक ग्रंथ लिहिला. हें जग कोण्या कनिष्ठ देवानें केलेलें, जड व मलिन. ज्ञानी माणसानें त्यांतून निसटावें, असें म्हणणारे पंथ तेव्हां जोरांत होते. त्यांस उत्तर देतांना इरेनियस जो मुद्दा मांडतो तो आम्हांस फार मार्मिक वाटतो. ज्या सृष्टींत साधुजनांनीं कष्ट केले व मार खाल्ला, त्याच सृष्टींत त्यांस फळ मिळणें न्यायाचें आहे. जेथें ते दास म्हणून राबले तेथेंच त्यांनीं धनी व्हावें. ज्याच्या गांवची राख नुकतीच नदींत गेली होती त्या माणसानें हें लिहिलें आहे. पुढें तो नव्या पृथ्वीवरच्या द्राक्षवेलीचें वर्णन जुन्या मंडळींच्या हवाल्यानें देतो: एकेका वेलीला दहा हजार फांद्या, एकेका फांदीला दहा हजार डाहाळ्या, आणि असें वाढत वाढत एकेका द्राक्षाचा पंचवीस मापें रस! हें वर्णन ज्या पापियासाकडून आलें तो बेताच्या बुद्धीचा होता, असा शेरा युसीबियसनें मारून ठेविला आहे. आम्हांस त्या वेलीचा राग येत नाहीं. ज्यांच्या मळ्यांचीं फळें पिढ्यानुपिढ्या दुसऱ्यांनीं खाल्लीं, त्यांचें गणित असेंच असावयाचें.

नव्या कराराचा शेवटला ग्रंथ जो प्रकटीकरण, त्यांतील दृश्यही आपण समजतों त्याच्या उलट दिशेचें आहे. तेथें माणसें वर जात नाहींत; नगरी खालीं उतरते. देव आपला मुक्काम माणसांत हालवितो. हें दर्शन लिहिणारा योहान पात्मस बेटावर होता व रोमच्या सत्तेचा त्याला पुरा अनुभव होता. रोमला तो ‘बाबेल’ म्हणतो, आणि त्या नगराच्या नाशावर रडणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाची यादी देतो. यादी सोन्यापासून सुरू होते. रेशीम, हस्तिदंत, दालचिनी, गहूं, गुरें असें होत होत शेवटीं येतात विकावयाचीं माणसें. या यादीनंतर तीन अध्यायांनीं नवी नगरी येते. तिच्या वेशी बंद होत नाहींत, राष्ट्रें आपलें वैभव तींत आणतात, आणि नदीकांठच्या झाडाचीं पानें राष्ट्रांच्या औषधाला लागतात. राष्ट्रांनीं निर्माण केलेलें जें चांगलें तें तेथें टाकून दिलेलें नाहीं, ही गोष्ट ढगांवरच्या चित्रांत कोठेंच बसत नाहीं.

या ठिकाणीं मराठी वाचकाला एक गोष्ट आठवल्याखेरीज राहणार नाहीं. पुंडलिकाच्या कथेंत भक्त वैकुंठाला गेला नाहीं. वैकुंठींचा देव भीमेच्या कांठीं येऊन विटेवर उभा राहिला. मोक्ष नको, पुन्हां जन्माला घाल, ही तुकोबांची मागणीही सर्वांस ठाऊक आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनीं गोव्यांत राहून मराठी ओवींत रचलेलें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं छापलें गेलें, त्यांत ख्रिस्ती स्वर्गाला वैकुंठ हाच शब्द योजिलेला आहे. शब्द निवडतांना त्यांस दुसरा इलाज नव्हता. पण जो देव वैकुंठ सोडून आला त्याच्या परिचयाच्या श्रोत्यांना तो शब्द ऐकून काय काय सुचलें असेल, याची कल्पना करण्यांत मौज आहे. तथापि ही तुलना फार ताणूं नये. पंढरीचा देव आज उभा आहे, आणि वारकऱ्याला हवी ती भेट आषाढींत मिळते. योहानाची नगरी अद्याप यावयाची आहे. वाट पाहणाऱ्याच्या जिवाला जी एक तळमळ असते ती ख्रिस्ती आशेच्या पोटांत आहे, आणि जगाच्या आजच्या व्यवस्थेला ती तळमळ सहसा मानवत नाहीं.

असें असतां ही आशा आकाशांत कशी गेली, याचा इतिहास लांबलचक आहे. ग्रीक तत्त्वज्ञान, मठांतील वैराग्य, आणि बादशहाच ख्रिस्ती झाल्यावर त्याच्या राज्यावर निकाल देणारी आशा गैरसोयीची होणें, हीं त्याचीं कांहीं कारणें होत. मात्र मूळ सूर अगदीं बुजला नाहीं. तेराव्या शतकांत थॉमस अक्विनास यानें स्पष्ट सांगितलें कीं, सुटा आत्मा म्हणजे पुरा मनुष्य नव्हे. दान्तेच्या महाकाव्यांत तर स्वर्गाच्या तेजांत पोहोंचलेल्या जीवांनाही आपल्या मृत देहांची ओढ वाटते, आणि कवि म्हणतो कीं, कदाचित् ती केवळ त्यांच्या स्वतःकरितां नसून त्यांच्या आयांकरितां, वडिलांकरितां, जिवलगांकरितांही असावी. ज्या चेहऱ्यावर प्रेम केलें तो चेहरा पाहिजे, ही मागणी स्वर्गांतही सुटलेली नाहीं. पण त्याच अक्विनासानें असेंही ठरवून टाकलें कीं, नव्या सृष्टींत झाडें व जनावरें राहणार नाहींत, कारण त्यांचें काम संपलें. येथें आमचें मत त्याच्या विरुद्ध आणि अठराव्या शतकांतील जॉन वेस्ली यांच्या बाजूनें आहे; मुक्या प्राण्यांच्या दुःखाचीही भरपाई झाली पाहिजे असें त्यांनीं एका प्रवचनांत आवर्जून प्रतिपादिलें. कळा सर्व सृष्टीनें द्यावयाच्या, आणि मूल तेवढें मनुष्याच्या पदरांत, हा हिशेब पौलाच्या उपमेशीं जुळत नाहीं.

आतां मूळ आक्षेपाकडे वळूं. परलोकाची आशा दाखवून गरिबांस गप्प बसविलें गेलें, हें खोटें नाहीं. अमेरिकेंतील व वेस्ट इंडीज बेटांवरील गुलामांस तेंच शिकविण्यांत आलें. पण तें शिकवितांना काय गाळावें लागलें, तें पाहण्याजोगें आहे. १८०७ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं ब्रिटिश पार्लमेंटनें गुलामांचा व्यापार बंद केला त्याच वर्षीं, लंडनमध्यें वेस्ट इंडीजमधील गुलामांकरितां बायबलांतील निवडक भागांचें एक पुस्तक छापलें गेलें. दासांनीं धन्याचें ऐकावें हा उपदेश त्यांत आहे. मोशेनें लोकांस मिसरच्या दास्यांतून काढल्याची कथा नाहीं. आणि प्रकटीकरणाचा ग्रंथ सबंध गाळलेला आहे. आशा ही निखळ अफू असती, तर नव्या पृथ्वीचें वर्णन असलेला ग्रंथ सर्वांत आधीं आंत घातला गेला असता. संपादकांना कोणती आशा धोक्याची व कोणती निरुपद्रवी याची पारख होती, असें म्हणावें लागतें. फ्रेडरिक डग्लस हा १८३८ सालीं मेरीलँडांतून पळालेला गुलाम; पुढें तो मोठा वक्ता झाला. त्यानें १८५५ च्या आपल्या आत्मचरित्रांत खुलासा केला आहे कीं, शेतांत राबतां राबतां आम्ही ‘कनान’ देशाला जाण्याचीं गाणीं गात असूं, तेव्हां आमच्या मनांतला कनान म्हणजे उत्तरेकडचे प्रांत. धनी ऐकत होता तें गाणें एक आणि गुलाम गात होता तें दुसरें.

याच्या उलट बाजूचें एक वचन पुढें करण्यांत येतें, त्याचा विचार केला पाहिजे. पेत्राच्या दुसऱ्या पत्रांत शेवटच्या दिवशीं आकाश नाहींसें होईल, तत्त्वें तापून वितळतील असें वर्णन आहे. आणि पृथ्वी जळून जाणारच असेल तर नद्यांची व अरण्यांची काळजी कशाला, असा युक्तिवाद त्यावरून करणारे लोक आजही आहेत. १६११ च्या इंग्रजी भाषांतरांत पृथ्वी व तिच्यावरील कृत्यें ‘जळून जातील’ असें आहे. परंतु अत्यंत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत त्या जागीं जें क्रियापद आहे त्याचा अर्थ ‘सांपडतील’, म्हणजे उघडकीस येतील, असा होतो. मूळ पाठ कोणता यावर विद्वानांचा वाद चालूच आहे. जुना पाठ धरला तर ती आग सोनाराच्या भट्टींतली ठरते, आणि नदींत विष सोडणाऱ्याला ती आग सोयीची न होतां अडचणीची होते. पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालच्या आपल्या ‘लाउदातो सी’ या पत्रांत इतर प्राणिमात्रांनाही रूपांतर पावून त्या अनंत जीवनांत वांटा आहे असें लिहिलें, तें याच जुन्या धाग्याला धरून. विज्ञान सांगतें कीं, सुमारें पांचशें कोटी वर्षांनीं सूर्य फुगून पृथ्वीचा शेवट होईल. त्याच्याशीं या आशेचा मेळ कसा घालावयाचा, हें ख्रिस्ती पंडितांनीं पाहावें. देवानें वचन दिलें आहे असें मानणाऱ्याची आशा ही पंचांगांतलें भाकीत नव्हे, एवढें आम्ही समजतों.

खरी अडचण दुसरीच आहे, आणि ती दस्तयेव्हस्की या श्रद्धाळू ख्रिस्ती लेखकानेंच सर्वांत निष्ठुरपणें मांडली. १८७९–८० सालच्या ‘करमाझोव्ह बंधू’ या कादंबरींत इव्हान आपल्या धाकट्या भावाला एका जनरलाची गोष्ट सांगतो. एका दास-मुलानें खेळतां खेळतां दगड मारून त्याच्या आवडत्या कुत्र्याचा पाय दुखविला. जनरलानें आईच्या डोळ्यांदेखत त्या मुलावर कुत्र्यांचा कळप सोडला. इव्हानचें म्हणणें असें कीं, पुढें कितीही मोठें सौख्य निर्माण झालें, आई आणि मारेकरी एकमेकांच्या गळ्यांत पडलीं, तरी त्या एका मुलाच्या आसवांची ती किंमत होऊं शकत नाहीं. आईला तिच्या दुःखापुरती क्षमा करतां येईल, मुलाच्या वतीनें क्षमा करण्याचा तिला अधिकार नाहीं. म्हणून तें सौख्यच त्याला नको.

हा आक्षेप केवळ धर्माला लागू आहे अशी समजूत करून घेणें बरें नव्हे. आपल्या नातवांसाठीं उत्तम समाज उभारूं आणि त्यासाठीं आजच्या पिढीनें मरावें, असें सांगणाऱ्या प्रत्येक चळवळीला तो तितकाच, किंबहुना अधिक लागतो. कारण तेथें मेलेला मेलाच. १९३७ सालीं माक्स होर्कहायमर यानें आपला मित्र वाल्टर बेन्यामिन याला पत्र लिहून नेमकें हेंच बजावलें कीं, इतिहासांत मारले गेलेले कायमचे मारले गेले, आणि त्यांचा हिशेब अद्याप उघडा आहे म्हणणें म्हणजे शेवटच्या न्यायदिवसावर विश्वास ठेवणें होय. बेन्यामिनला तें पटलें नाहीं. आपल्याकडील कर्मसिद्धान्त हिशेब उघडा ठेवतो खरा, परंतु पुढल्या जन्मीं फळ घेणाऱ्याला मागल्या जन्मींचें नांव आठवत नाहीं. त्या आईला जो मुलगा पाहिजे आहे तोच तिला भेटेल असें तो सिद्धान्त सांगत नाहीं.

ख्रिस्ती आशेनें इव्हानचें खंडण होतें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु तिच्यांत एक तपशील असा आहे कीं, इव्हाननें तो विचारांत घ्यावयास हवा होता. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचीं भोंकें तशींच होतीं, असें योहानाचें शुभवर्तमान सांगतें. देह नवा आहे, बंद दारांतून येणारा आहे, तरी जखम पुसलेली नाहीं. ऑगस्टिननेंही आपल्या ‘देवाचें नगर’ या ग्रंथाच्या शेवटच्या भागांत असा तर्क केला आहे कीं, हुतात्म्यांचे तुटलेले अवयव परत जुळतील, पण त्यांचे वण दिसत राहतील आणि ते त्यांना शोभतील. अर्थात् जें घडलें तें घडलेंच नव्हतें असें करणारी ही नवी पृथ्वी नाहीं. प्रकटीकरणांत देव स्वतः डोळे पुसतो. तेव्हां त्या वेशींतून आंत येणारीं माणसें रडत आलेलीं आहेत असाच अर्थ होतो.

आणि मग तो मुलगाही तेथें आहे. आईला त्याच्या वतीनें बोलण्याची गरज उरत नाहीं. तो स्वतः बोलूं शकतो. तो जनरलाला क्षमा करील काय, हें कोणत्याही शास्त्रांत लिहिलेलें नाहीं. चौथ्या शतकांत निस्साचा ग्रेगरी म्हणत असे कीं, शेवटीं सर्वांचेंच शुद्धीकरण होईल, जनरलांचेंही. ऑगस्टिननें तें मान्य केलें नाहीं; त्याच्या मतें कांहींचें दुःख कधींच संपणार नाहीं. सोळाशें वर्षें झालीं, ख्रिस्ती धर्मपंडितांत या प्रश्नाचा निकाल लागलेला नाहीं. त्या मुलाचें मत घ्यावें असें मात्र दोन्ही पक्षांतल्या फारशा कोणाला सुचलेलें दिसत नाहीं.